लग्नाचा पोशाख आणि घरांतील पेटी

वैशाखांतील मुहूर्त जवळ आले कीं अहिल्यानगरच्या (आमच्या तोंडीं अजून नगरच) कापडबाजारांत पाऊल ठेवावयास जागा उरत नाहीं. नेवासें, राहुरी, श्रीगोंदें येथून कुटुंबेंच्या कुटुंबें येतात. सायंकाळीं परततांना कपड्यांसाठीं काढलेली रक्कम संपलेली असते, आणि नवरीचा शालू अद्याप घ्यावयाचाच असतो. पैसा जातो कोठें? आमच्या मतें तो देण्याघेण्याच्या साड्यांत जातो. विहिणीच्या जावेची बहीण, व्याह्यांच्या मावशीची सून, प्रत्येकीस एक साडी. ती कपाटांत पडते व पुढील कार्यांत दुसरीस जाते. घडी न मोडतां एकच साडी चार लग्नें पाहून येते, हें आमच्या वाचकभगिनींस ठाऊक नाहीं असें थोडेंच आहे!

हा मानपान याद्या करतेवेळींच थांबवावा. मात्र वधूपित्यानें विषय काढला तर ‘हात आखडला’ असें होतें, आणि धाकट्या सुनेचें कोणी ऐकत नाहीं. तो वरपक्षाकडील वडील स्त्रीनेंच काढला पाहिजे. वाचलेल्या रकमेंत वधूसाठीं एक चांगलें रेशमी वस्त्र सहज बसतें.

त्या बाबतींत जिल्हा भाग्यवान. पैठण शेवगांवकरांस जवळ, येवलें कोपरगांवकरांस. हातमागावरील पैठणीस नक्षीप्रमाणें कांहीं आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात. तेव्हां ‘पैठणी’ म्हणून स्वस्तांत मिळतें तें बहुधा यंत्रमागाचें काम. पदर उलटून पाहावा. हातानें विणलेले मोर दोन्ही बाजूंनीं सारखेच स्वच्छ दिसतात. यंत्रावरील पदरास मागें सुटे किंवा कापलेले धागे असतात. कडेचा एक धागा जाळून पाहावा. केस जळाल्यासारखा वास येऊन राख चुरगळली तर रेशीम. वितळून टणक गोळी झाली तर कृत्रिम धागा. यंत्रमागाची साडी नेसण्यांत कमीपणा मुळींच नाहीं, फक्त तिला हातमागाची किंमत देऊं नये.

परंतु बाजारांत जाण्यापूर्वीं घरांतील पेटी उघडावी, असें आम्ही आग्रहानें सुचवितों. पूर्वीं उंची जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असे. म्हणूनच जुने शालू जाळून त्यांतील धातु काढीत. अशा रीतीनें कित्येक घरांतील आजेसासूबाईंची पैठणी थोड्याशा चांदीपायीं गेली! पोत विरलें तरी कांठ-पदर शाबूत असतात. ते नव्या रेशमावर चढवितां येतात. नऊवारी लुगडें सुमारें सव्वाआठ मीटर, सहावारीस साडेपांच पुरतात. मधला विरलेला भाग काढून दांड घातला कीं जोड निऱ्यांत दिसत नाहीं. पेटींतील वस्त्रें मलमलींत गुंडाळून दर कांहीं महिन्यांनीं घड्या बदलाव्या, नाहींतर जर एकाच ओळीवर तुटते. विधीची पिवळी अष्टपुत्री तर मुळांतच साधी. तिच्यावर खर्च कशाला?

पुरुषांबद्दल थोडक्यांतच लिहितों. नगरच्या उन्हांत भरजरी शेरवानी घालून घाम पुसणारे वरबंधु पाहून आम्हांस त्यांची कींव येते. घरचा कद, स्वच्छ उपरणें आणि बांधतां येणारा फेटा एवढ्यानें काम भागतें. १९४३ मध्यें कापडावर नियंत्रणें आलीं, टंचाई झाली, तरी लग्नें राहिलीं नाहींत. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या पीतांबरांतही नवरदेव बोहल्यावर चढले. आज मागून आणण्याची लाज वाटते, आणि तोच पोशाख दुकानांतून भाड्यानें आणण्याची वाटत नाहीं, हें नवल!

साडी घरची मिळाली तरी पोलकें अंगास बसत नाहीं, अशी अडचण कित्येकजणी सांगतात. नवें पोलकें शिवतांना शिंप्याकडून शिवणींत दोन-दोन बोटें कापड आंत ठेववून घ्यावें. म्हणजे पुढच्या मुहूर्तास तेंच उसवून धाकट्या जावेला घालतां येतें.