ज्याचें जळतें त्यालाच कळतें काय ?

'ज्याचें जळतें त्याला कळतें' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हण जुनी आहे आणि खरीहि आहे. पण ती पुरती खरी आहे काय, याचा थोडा विचार आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे. शरीराच्या दुखण्यांत हा प्रश्न फारसा उद्भवत नाहीं. आपला डॉक्टर स्वतः कधीं लंगडला होता कीं नाहीं, याची विचारपूस पाय मोडलेला रोगी करीत बसत नाहीं. परंतु मनाचें दुखणें आणि व्यसन यांची गोष्ट निराळी. तेथें रोगी औषधाच्या आधीं समोरच्या माणसाची परीक्षा घेतो. यास्तव अशा रोग्यांच्या शुश्रूषेचें पुढारपण कोणीं करावें, शिकलेल्यानें कीं भोगलेल्यानें, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मी कांहीं वैद्य नव्हें. मॅट्रिक होऊन मुदखेडास व आसपासच्या खेड्यांत मुलांना शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. आमचें गांव रेल्वेचें जंक्शन असून फुलांसाठीं प्रसिद्ध आहे. माझा एक जुना विद्यार्थी फुलांचाच धंदा करी. दारूनें त्याला असें ग्रासलें कीं, हार गुंफतांना दोरा त्याच्या हातांतून सुटूं लागला. मीं त्याला घरीं बोलावून तासभर उपदेश केला. देह, संसार, लेंकरें, अब्रू, कांहीं म्हणून सोडलें नाहीं. त्यानें खालीं मान घालून सारें ऐकलें आणि जातांना एवढेंच म्हटलें, "गुरुजी, तुमचें सगळें खरें आहे; पण सकाळीं हात कांपायला लागतात तेव्हां काय होतें, तें तुम्हांला कसें कळणार ?" मला त्याचा राग आला. पुढें त्याच्या भावांनीं त्याला दूरच्या एका ठिकाणीं नेऊन ठेवलें. तेथें कुलूप होतें, दरडावणी होती, प्रसंगीं मारहि होता. दोन महिन्यांनीं तो परत आला आणि घरीं जाण्याऐवजीं थेट गुत्त्यावर गेला.

उपदेश हरला आणि धाकहि हरला. मग तिसरा मार्ग कोणता ? तो आपल्याच महाराष्ट्रांत पुण्यास चोखाळला गेलेला आहे. १९८०च्या पुढील वर्षांत 'गर्द' या विषारी पदार्थानें शहरांतील तरुणांस वेढलें, तेव्हां डॉ. अनिल अवचट यांनीं त्या तरुणांविषयीं लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनीं एक लाख रुपयांची देणगी देऊं केली. अनिलरावांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकारानें १९८६ सालीं 'मुक्तांगण' हें व्यसनमुक्ति केंद्र सुरू झालें. व्यसनी हा गुन्हेगार नसून आजारी माणूस आहे, त्याला मारहाण न करतां प्रेमानें वागवावें, हा त्या केंद्राचा पाया.

परंतु माझ्या मतें अनिताबाईंचें मोठेपण याच्याहि पुढें आहे. त्या स्वतः व्यसनांतून गेलेल्या नव्हत्या आणि विद्या तर त्यांच्यापाशीं भरपूर होती. तरीहि ज्या कामाला आपली विद्या अपुरी पडते, तें काम त्यांनीं व्यसनांतून बाहेर पडलेल्यांच्या हातीं सोंपविलें. कालचे रोगी त्या संस्थेंत कार्यकर्ते झाले व समुपदेशक झाले. १९९७ सालीं अनिताबाई कर्करोगानें गेल्या. त्यांच्या पश्चात् कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनीं ही धुरा वाहिली आणि तीच रीत चालूं ठेवली.

या रीतीनें कार्य साधतें तें कां, हें नीट समजून घेतलें पाहिजे. व्यसनी माणूस सबबी सांगण्यांत पटाईत असतो. त्या सबबी शिकलेला माणूस ऐकून घेतो, पण भोगलेला माणूस मनांतल्या मनांत हंसतो. कारण त्याच त्यानें एके काळीं स्वतःच्या बायकोला सांगितलेल्या असतात. दुसरें असें कीं, रोग्याला लाज फार असते; समोरचा माणूसहि त्याच चिखलांतून आलेला आहे हें कळतांच ती ओसरते. आणि तिसरें, 'बरें होतां येतें' हें वाक्य पुस्तकांत वाचणें वेगळें व बरा झालेला माणूस समोर चहा पीत बसलेला पाहणें वेगळें. अमेरिकेंत १९३५ सालीं बिल विल्सन नांवाचा दलाल आणि बॉब स्मिथ नांवाचा शस्त्रवैद्य, असे दोन मद्यपी एकमेकांना सांवरूं लागले. त्यांतूनच 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली.

मनोविकारांच्या क्षेत्रांतहि असेंच दिसतें. मूळचे धुळे भागांतील डॉ. जगन्नाथ वाणी हे कॅनडांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया जडला. घरांत भोगलेलें हें दुःख घरांतच न कोंडतां त्यांनीं १९९७ सालीं पुण्यास 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. २००४ सालचा 'देवराई' हा चित्रपटहि त्यांच्याच उद्योगाचें फळ होय. आतां कायद्यानेंहि हें तत्त्व मान्य केलें आहे. २०१७ सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आला. त्याअन्वयें नेमावयाच्या केंद्रीय व राज्य प्राधिकरणांवर मनोविकार असलेल्या वा होऊन गेलेल्या व्यक्तींचे आणि रोग्यांची काळजी वाहणाऱ्यांचेहि प्रतिनिधि घ्यावे लागतात. ज्यांच्याविषयीं निर्णय घ्यावयाचा, त्यांनाहि त्या बैठकींत खुर्ची असावी, हा याचा अर्थ.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. नुसता अनुभव म्हणजे पुढारपण नव्हे. 'मी असा बरा झालों, म्हणून तूंहि असाच बरा होशील' असा हट्ट धरणारा अनुभवी माणूस माझ्यासारख्या उपदेशकाइतकाच निरुपयोगी ठरतो. दारू एकाएकीं बंद केल्यास कित्येकांस आंकडी येते, भ्रम होतो, प्रसंगीं प्राणावरहि बेततें. तेथें डॉक्टरच पाहिजे. शिवाय भोगलेल्या माणसाचा पायहि पुन्हां घसरूं शकतो. म्हणून त्याला शिक्षण हवें, विश्रांति हवी आणि सांभाळणारें कोणी हवें. विद्येनें अनुभवाला जागा द्यावी, अनुभवानें विद्येचें ऐकावें, आणि दोघांनींहि रोग्याचें ऐकावें. करुणा म्हणतात ती हीच. दया वरून खालीं पाहते. करुणा शेजारीं येऊन बसते.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या शेजारीं अखेर असाच एक जण येऊन बसला. शेजारच्या गांवचा एक शिपाई, स्वतः दारूंतून सुटलेला. त्यानें उपदेश केला नाहीं. "या वेळेला मलाहि फार प्यावीशी वाटे," एवढें म्हणून तो थांबला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. मध्यंतरीं विद्यार्थी एकदां घसरला, तरी त्या गृहस्थानें त्याला सोडलें नाहीं. आज तो पुन्हां हार गुंफतो. मीं एक दिवस त्याच्या दुकानीं जाऊन, "तुझें त्या दिवशींचें बोलणें खरें होतें," असें सांगितलें. चाळीस वर्षें शिकविल्यावर हा धडा मला शिष्याकडून मिळाला.

श्रोतेहो, आपल्या घरांत वा आळींत असें कोणी असेल, तर त्याला सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक सांगा, डॉक्टरकडे न्या, आणि याच वाटेनें गेलेला एखादा माणूसहि त्याला गांठून द्या. तोंवर निदान त्याच्याशेजारीं गप्प बसून त्याचें ऐका. तेवढ्यासाठीं विद्याहि लागत नाहीं आणि अनुभवहि लागत नाहीं.