दाबावर प्राणवायूचा उतारा

अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानांत वकुला नांवाचा एक प्रचंड झरा आहे. जमिनीखालच्या चुनखडकांतून कोसच्या कोस वाहत आलेलें पाणी तेथें उघड्यावर येतें. १५ डिसेंबर २००७ रोजीं जॅरड जॅब्लॉन्स्की व केसी मॅकिन्ले हे दोघे पाणबुडे 'टर्नर सिंक' नांवाच्या दुसऱ्या एका विवरांतून आंत शिरले आणि सुमारें ९० मीटर खोलीवरील भुयारांतून ११ किलोमीटर मार्ग क्रमून ह्या झऱ्यांत येऊन पोंचले. प्रवासास सुमारें सात तास लागले. परंतु खरें नवल पुढेंच आहे. मुक्कामास पोंचल्यावर त्यांना आणखी सुमारें चौदा तास पाण्यांतच थांबावें लागलें! डोक्यावर मोकळी हवा असतां हे दोघे वर कां आले नाहींत, असें वाचक विचारतील.

आपण श्वासावाटे जी हवा घेतों तींत शेंकडा सुमारें ७८ भाग नत्रवायु व २१ भाग प्राणवायु असतो. प्राणवायु शरीर वापरतें. नत्रवायु मात्र पंक्तीस बसूनहि न जेवणाऱ्या पाहुण्यासारखा जसा येतो तसा जातो. समुद्रांत दर १० मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे ३० मीटरांवर तो चौपट होतो. अशा दाबाखालीं हा पाहुणा रक्तांत, मेदांत, सांध्यांत व मज्जारज्जूंत विरघळून ठाण मांडतो. फार खोल जाणारे लोक नत्रवायूची गुंगी टाळण्यासाठीं हवेंत हीलियम मिसळतात. पण त्यालाहि हाच नियम लागू आहे. गोळीच्या सोड्याची बाटली फोडतांच काय होतें तें सर्वांनीं पाहिलें आहे. पाणबुड्या एकदम वर आला तर तोच प्रकार त्याच्या अंगांत होतो. बुडबुडे सांध्यांत झाले तर वेदनांनीं मनुष्य वांकडा होतो. मज्जारज्जूंत झाले तर जन्माचा पांगळा होऊं शकतो.

ह्या रोगाची ओळख जगाला पाणबुड्यांपेक्षां पूल बांधणाऱ्यांनीं अधिक करून दिली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये घालतांना मजूर नदीच्या तळाशीं दाबाची हवा भरलेल्या पेट्यांत काम करीत. मुख्य एंजिनियर वॉशिंग्टन रोब्लिंग स्वतः १८७२ सालीं ह्या रोगानें खिळला, आणि १८८३ सालीं पूल पुरा होईपर्यंत त्याची पत्नी एमिली हिनें त्याच्या सूचना घेऊन कामावरची देखरेख सांभाळली. बाईंनीं त्यासाठीं पूलबांधणीचें गणित शिकून घेतलें, हें आमच्या भगिनींस मुद्दाम सांगावेंसें वाटतें. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेअर ह्यानें १८७८ सालच्या आपल्या ग्रंथांत खरा अपराधी नत्रवायूचे बुडबुडे होत असें दाखविलें, आणि प्राणवायु हुंगण्याचा उपायहि त्यानेंच सुचविला.

हा उपाय कसा चालतो? प्राणवायु नत्रवायूस धक्के मारून हांकलतो असा पुष्कळांचा समज असतो. तसें नाहीं. त्याचा गुण त्याच्यांत जें नाहीं त्यांत आहे. थोडें गणित करूं. ६ मीटरांवर एकूण दाब १.६ वातावरणें असतो. तेथें साधी हवा घेतल्यास फुफ्फुसांत नत्रवायूचा दाब सुमारें १.२५ भरतो, पृष्ठभागावर तो ०.७८ असतो. म्हणजे ज्या दारानें नत्रवायूनें बाहेर पडावयाचें, त्याच दारांतून आंत येणाऱ्यांची गर्दी! ती कमी करण्यास वर जावें, तर बुडबुडे दाबून धरणारें पाणीच डोक्यावरून जातें. शुद्ध प्राणवायु ही कोंडी फोडतो. ६ मीटरांवर तो घेतला कीं फुफ्फुसांत नत्रवायूचा दाब जवळजवळ शून्य होतो, दार सताड उघडतें, आणि बाहेरून १.६ वातावरणांचा दाब मात्र कायम राहतो. शिवाय प्राणवायु शरीर खाऊन टाकीत असल्यामुळें तो स्वतः बुडबुड्यांत फारशी भर घालीत नाहीं. आमच्या मतें सगळें मर्म येथेंच आहे.

मग तळापासूनच शुद्ध प्राणवायु कां घेऊं नये? कारण दाबाखालीं तो विष होतो. हेंहि बेअरनेंच शोधून काढलें. दाब प्रमाणाबाहेर गेला कीं अपस्मारासारखे झटके येतात, कित्येकदां कांहींच पूर्वसूचना न देतां. पाण्यांत तोंडांतली नळी सुटते आणि मनुष्य बुडतो. जे. बी. एस. हॉल्डेन हे थोर शास्त्रज्ञ १९५७ सालीं भारतांत येऊन राहिले व १९६४ सालीं भुवनेश्वरास वारले. १९३९ सालीं 'थीटिस' ही ब्रिटिश पाणबुडी बुडाल्यानंतर त्यांनीं हे प्रयोग स्वतःच्याच देहावर केले, आणि अशा एका झटक्यांत त्यांच्या पाठीच्या मणक्यांस इजा झाली.

म्हणून पाण्यांत १.६ वातावरणें ही प्राणवायूची शेवटची मर्यादा मानतात, आणि शुद्ध प्राणवायूस ती ६ मीटरांवरच गांठते. ६० मीटरांवर चुकून तीच नळी तोंडांत गेली तर दाब सातपट! यासाठीं वर येतांना जिना उतरावा तसा क्रम असतो: २१ मीटरांवर निम्मा प्राणवायु असलेलें मिश्रण आणि ६ मीटरांवर शुद्ध. प्रत्येक सिलिंडरवर त्याच्या खोलीचा आंकडा ठसठशीत लिहिलेला असतो. पाणबुड्या तो वाचतो, नळी हातानें चाचपून मुळापर्यंत जातो, जोडीदार पाहून होकार देतो, मगच ती तोंडांत जाते. वीस-पंचवीस मिनिटांनीं कांहीं वेळ दुसरा वायु घेऊन मेंदूस व फुफ्फुसांस विसांवा देण्याचीहि अनेकांची रीत आहे.

मालवणजवळ तारकर्लीस हौसेनें बुडी घेणाऱ्या आपल्या मुलामुलींस हा खटाटोप करावा लागत नाहीं. ती बुडी उथळ व अल्पकाळची असते. परंतु पुढें शिकून जे खोल जातील त्यांच्या घरच्यांनीं एवढें ध्यानीं ठेवावें: बुडीनंतर सांधे दुखूं लागले, हातापायांस मुंग्या आल्या किंवा पाय लुळे पडले, तर झोप काढून पाहूं असें म्हणूं नये. ताबडतोब मुखवट्यानें शुद्ध प्राणवायु द्यावा व दाबाची खोली असलेलें रुग्णालय गांठावें. तेथें रोग्यास बहुधा १८ मीटर खोलीइतक्या दाबाखालीं नेऊन वीस मिनिटें प्राणवायु व पांच मिनिटें हवा असें आळीपाळीनें देतात, आणि मग दाब हळूहळू उतरवितात. हा सर्व उपचार पावणेपांच तासांचा असतो. १८ मीटरांवर शुद्ध प्राणवायु म्हणजे २.८ वातावरणें, पाण्यांत जें धोक्याचें तें येथें चालतें कसें, अशी शंका येईल. रोगी येथें कोरड्या गादीवर निश्चल निजलेला असतो, उशाशीं परिचारक बसलेला असतो, आणि झटका आलाच तर त्यानें मुखवटा काढला कीं झालें.