स्पर्शजन्य डीएनए : पुराव्याचे बळ आणि मर्यादा

गुन्ह्याच्या स्थळी एखाद्याचा डीएनए सापडला म्हणजे तो तेथे हजर होता, असे अनुमान सहज केले जाते. रक्ताच्या डागाबाबत ते बहुधा टिकते. परंतु केवळ स्पर्शाने उमटलेल्या डीएनएबाबत ते कितपत ग्राह्य आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

हाताळलेल्या वस्तूवरून डीएनए-आलेख मिळू शकतो आणि एकाचा डीएनए दुसऱ्याच्या हातावाटे अन्यत्र पोहोचू शकतो, हे व्हान ऊरशॉट व जोन्स या संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकातून दाखवून दिले. मानवी पेशीत सुमारे ६ पिकोग्रॅम डीएनए असतो. आलेखास १ नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे दीडशे पेशींतील ऐवज, पुरेसा होतो. तोंडावरून, केसांतून वारंवार हात फिरविण्याची सवय हातावरील डीएनए वाढविते, तर हात धुतल्याने तो घटतो. गुळगुळीत काचेपेक्षा खडबडीत लाकूड तो अधिक धरून ठेवते.

देवरूखच्या परिसरातील कोयतीचेच उदाहरण घ्यावे. फाटी फोडण्यासाठी ती शेजारच्या घरी जाते आणि परत येते. अशा कोयतीने कोणी हल्ला केला, तर तिच्या लाकडी मुठीवर तीन-चार जणांचे मिश्रण आढळेल. हल्लेखोराने हाताला फडके गुंडाळले असल्यास त्याचा डीएनए कदाचित उमटणारही नाही. निरपराध शेजाऱ्याचा मात्र सापडेल. शिवाय कोकणच्या दमट हवेत ओला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केल्यास जंतूंमुळे डीएनए नष्ट होतो. म्हणून तो वाळवून कागदी पाकिटातच ठेवावा लागतो.

ही भीती काल्पनिक नव्हे. २०१२ साली कॅलिफोर्नियात एका इसमावर खुनाचा आरोप आला, कारण मृताच्या नखांवर त्याचा डीएनए होता. वस्तुतः त्या रात्री तो रुग्णालयात होता. त्याच्यावर उपचार करणारेच रुग्णवाहिकेचे कर्मचारी पुढे खुनाच्या स्थळी गेले होते. तोवर त्याला काही महिने तुरुंगात काढावे लागले.

भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ अन्वये तज्ज्ञाचे मत विचारार्ह ठरते. ते अंतिम निर्णय नव्हे. डीएनए कोणाचा, हे प्रयोगशाळा सांगू शकते. तो तेथे कसा व केव्हा आला, हे आलेखावरून कळत नाही. ते ठरविण्यासाठी इतर पुराव्याचीच कास धरावी लागते.