अप्रोच चार्ट म्हणजे नकाशा नव्हे

ग्वाल्हेरचा महाराजपूर हवाई तळ मिराज-२००० विमानांमुळे ओळखला जातो. सिम्युलेटरवर लढाऊ विमाने उडवणाऱ्या हौशी मंडळींना अशा तळासाठी जुन्या धाटणीचा अप्रोच चार्ट (उपकरणांच्या भरवशावर धावपट्टीपर्यंत उतरण्याचा आराखडा) करावासा वाटतो. पुष्कळदा तो परिसराचा नकाशा समजला जातो. प्रत्यक्षात तो पाककृतीसारखा असतो: कुठे वळायचे, किती उंचीवर यायचे, हे क्रमाने सांगतो. अमेरिकी वैमानिक एलरी जेपसन यांनी १९३४मध्ये असे चार्ट विकायला सुरुवात केली, ती स्वतःच्या वहीतल्या नोंदींवरून. चार्टवरची किमान उंची ही मर्यादा असते. धावपट्टी दिसल्याशिवाय त्या उंचीखाली उतरायचे नसते. दिसली नाही, तर तुटक रेघेने दाखवलेल्या मार्गाने विमान पुन्हा वर न्यायचे. म्हणून कागदाला जुनाट रंग देण्याआधी उंची आणि दिशा अचूक भराव्यात.