शेकरूं, कुऱ्हाड आणि वणवा

आमच्या कासुर्डीहून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे भुलेश्वराच्या डोंगरांची रांग दिसते. फाल्गुन-चैत्रांत एखाद्या रात्रीं त्या बाजूस तांबडी रेघ चढतांना दिसते. अंगणांत बाज टाकून बसलेलीं माणसें म्हणतात, "वणवा लागला," आणि पुन्हां आपल्या बोलण्याकडे वळतात. गवतच तें; पाऊस पडला कीं पुन्हां उगवेल, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, हें आज मला सांगावयाचें आहे. आणि त्यासाठीं आपली भीमा जेथें जन्म घेते त्या रानांत मी तुम्हांला प्रथम नेणार आहें.

दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांच्या शिवेवरून वाहणारी भीमा सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमाशंकर येथें उगम पावते. देवळाभोंवतीं दाट सदाहरित रान आहे आणि त्यांत पूर्वींपासून राखलेल्या देवराया आहेत. १९८५ सालीं सरकारनें पुणें, ठाणें व रायगड या जिल्ह्यांतील मिळून सुमारें १३१ चौरस किलोमीटर प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर केला. या रानाचा नामांकित रहिवासी म्हणजे शेकरूं. महाराष्ट्रानें यालाच आपला राज्यप्राणी ठरविलें आहे.

शेकरूं हें खारीच्याच कुळांतलें. पण परसांतल्या खारीशीं त्याची तुलना करणें म्हणजे बैलाची शेळीशीं तुलना करणें होय. वजन दीड-दोन किलो, पाठ तांबूस तपकिरी, पोट फिकट, आणि शेपूट अंगाहून लांब व झुबकेदार. हिरडा, जांभूळ, उंबर, आंबा यांचीं फळें, कोंवळी पालवी, फुलें, प्रसंगीं झाडाची सालहि तें खातें. उंच झाडाच्या शेंड्याजवळ काटक्या व पानें यांचें चेंडूसारखें घरटें तें बांधतें. आणि एकावर न थांबतां आपल्या हद्दींत अनेक घरटीं बांधून ठेवतें. झाडावरून झाडावर जातांना तें वीस-वीस फुटांची उडी घेतें. जमिनीवर मात्र सहसा उतरत नाहीं.

तेव्हां शेकरूचा रस्ता म्हणजे एकमेकींत गुंतलेल्या फांद्या. हजार झाडांच्या रानांतून कोणी शंभर तोडलीं, तर आपण म्हणूं, नऊशें उरलीं कीं! परंतु तीं शंभर झाडें एका पट्टींतलीं असलीं, तर शेकरूचें रान दुभंगलें. पलीकडे फळें पिकलेलीं दिसतात, पण तेथवर जावयाचें तर खालीं उतरलें पाहिजे. आणि खालीं बिबट्या आहे, कुत्रीं आहेत, माणूसहि आहे.

कुऱ्हाडीचें दुसरें काम याहून घातक आहे, आणि तें लौकर ध्यानांत येत नाहीं. सदाहरित रान सहजासहजीं पेटत नाहीं. वर पानांचें छप्पर, खालीं सावली, सावलींत ओलसर पालापाचोळा. बाहेरून आलेली आग अशा रानाच्या कडेशीं येऊन बहुधा मंदावते. पण छपराला भोंक पडलें कीं ऊन थेट जमिनीवर येतें. पालापाचोळा वाळतो, मोकळ्या जागेंत गवत व झुडपें माजतात, आणि उन्हाळ्यांत हेंच गवत आगीला आंत नेणारी वात होतें. पहिल्या वणव्यांतून मोठे वृक्ष वांचतात. रोपें मात्र मरतात. पुढें एखादा जुना वृक्ष वठतो, तेव्हां त्याच्या जागीं उभें राहावयाला कोणी नसतें. भोंक वाढतें, आणि पुढच्या वर्षीं आग आणखी आंत शिरते. अशा रीतीनें कुऱ्हाड वणव्याला वाट करून देते.

हाच प्रकार बोर्निओ आणि सुमात्रा या दूरच्या बेटांवर फार मोठ्या प्रमाणांत घडला. तेथें ओरांग-उटान नांवाचा वानर राहतो. मलय भाषेंत ओरांग म्हणजे माणूस आणि हुतान म्हणजे रान. हा रानमाणूसहि शेकरूप्रमाणेंच झाडावर जगतो, झाडावर झोपावयाला पाल्याचें अंथरूण करतो. त्याची मादी सात-आठ वर्षांतून एकदां वितें. म्हणून एक पिढी बुडाली तर ती लौकर भरून येत नाहीं. तेथील दलदलीच्या रानांत कुजक्या पाल्याचा कित्येक हात खोल थर असतो. चोरट्या लाकूडतोड्यांनीं झाडें नेलीं. १९९६ मध्यें इंडोनेशियाच्या सरकारनें भातशेतीच्या प्रचंड योजनेसाठीं कालवे खणून दलदलीचें पाणी काढून टाकलें. दुसऱ्याच वर्षीं अवर्षण पडलें, आणि जी जमीन कधीं पेटत नसे तीच भूमि आंतून महिनोन् महिने धुमसत राहिली. २०१५ मध्यें पुन्हां तेंच झालें. भात पिकलें नाहीं आणि रानहि गेलें.

मग आपल्याकडे झाडें तोडतें कोण? डोंगरांतल्या महादेव कोळी बांधवांकडे बोट दाखविणें सोपें आहे. भात-नाचणीच्या रोपांसाठीं ते राब भाजतात. म्हणजे फांद्या उतरवून वाफ्यावर पसरतात व जाळतात. वारा फिरला तर राबाची ठिणगी रानांत जाते, हें खरें. परंतु हिरडा वेंचून चार पैसे मिळवितात ते हेच लोक, आणि देवाच्या धाकानें आहुप्यासारख्या देवराया राखल्या त्याहि यांनींच. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत सह्याद्रींतील देवरायांची शास्त्रीय पाहणी केली, तेव्हां या राखणीचें मोल विद्वानांसहि पटलें. उलट मालकीचें रान उक्तें घेऊन लाकूड व कोळसा यांसाठीं तें भुईसपाट करणारा ठेकेदार पुष्कळदां बाहेरचा असतो. १९६४ च्या कायद्यान्वयें हिरडा, आंबा, जांभूळ अशीं झाडें स्वतःच्या मालकीचीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. पण रात्रीं कुऱ्हाडीचा आवाज कायद्याच्या पुस्तकाला ऐकूं येत नाहीं. तो गांवकऱ्यालाच ऐकूं येतो. म्हणून ज्याचें पोट त्या रानावर आहे, त्याला राखणदार करणें हाच पहिला उपाय होय. हिरड्याला रास्त भाव मिळाला तर हिरड्याचें झाड उभें राहील.

दुसरा उपाय जाळरेषेचा. माघ संपण्यापूर्वीं रानाच्या कडेनें रुंद पट्टा गवत कापून, वारा नसतांना, माणसें उभीं करून जाळून घ्यावयाचा. म्हणजे पुढें आलेल्या आगीला खावयाला कांहीं उरत नाहीं. तिसरा उपाय राबाच्या जागीं शेणखत व कंपोस्ट वापरण्याचा.

आतां आपल्या भुलेश्वराच्या डोंगराकडे परत येऊं. तेथें शेकरूं नाहीं. गवत आहे, आणि त्या गवतांत चंडोलाचीं घरटीं, ससे व लांडग्यांच्या गुहा आहेत. गवत जाळलें कीं नवें चांगलें फुटतें, असें मेंढपाळ म्हणतात. एखाद्या वर्षीं तसें दिसतेंहि. पण दरवर्षीं जाळलेल्या उतारावरून पहिल्याच वळवानें माती वाहून जाते. मारवेल, पवन्या यांसारखीं चांगलीं गवतें हळूहळू हटतात आणि कुसळीचें राज्य होतें. तेंच गवत दिवाळीनंतर कापून गंजी रचली, तर उन्हाळ्यांत जनावरांना चारा होतो व आगीचें इंधनहि कमी होतें.

तेव्हां येत्या चैत्रांत ती तांबडी रेघ दिसली, तर बाजेवरून उठावें, वनरक्षकाला कळवावें, आणि पांच-दहा जण मिळून ओल्या डहाळ्या घेऊन निघावें. वाऱ्याच्या तोंडावर मात्र जाऊं नये. आग बाजूनें झोडपीत आणावी. भीमाशंकरच्या माथ्यावर गांवकरी हेंच करीत आहेत, आणि जें पाणी भीमेंतून आपल्या शिवाराकडे येतें तें त्या रानांत मुरलेलें असतें.