दंडावरची काळी फीत

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात डिसेंबर १९६५मध्ये काही मुलं दंडाला काळी फीत बांधून सरकारी शाळेत गेली. व्हिएतनाम युद्धात मेलेल्यांचा दुखवटा आणि युद्धबंदीची मागणी, एवढाच त्या फितीचा अर्थ. मुख्याध्यापकांना आधीच कुणकुण लागली होती आणि त्यांनी फितीवर बंदी घालून ठेवली होती. १३ वर्षांच्या मेरी बेथ टिंकरसह पाच जणांना घरी बसवलं गेलं. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बंदीचं समर्थन करायचं ओझं शाळेवर पडलं. शिकवण्यात मोठा व्यत्यय येतोय, किंवा येईल असं मानायला ठोस आधार आहे, हे शाळेने दाखवायचं. नुसती धास्ती पुरत नाही. इथे वर्गाबाहेर थोडी शेरेबाजी झाली होती, मारामारी झाली नव्हती. शिवाय प्रचाराचे बिल्ले आणि नाझींशी जोडला गेलेला ‘आयर्न क्रॉस’सुद्धा तिथल्या शाळांत चालत होता! नडली ती फक्त फीत.

मुलं शाळेत शिकायला येतात, शिकवायला नाही, असं म्हणत न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी विरोधी मत नोंदवलं. आक्षेप खोटा नाही. पण गोंधळ झाला तर रोखायची मुभा या निकषातच आहे. कुणी पुरावा मागू नये, असं मात्र शिस्तीच्या नावाने म्हणता येत नाही. पुढे न्यायालयानेच हे ओझं हलकं केलं. १९८६मध्ये अश्लील भाषणाला संरक्षण नाकारलं, १९८८मध्ये शाळेच्या वृत्तपत्रातून गर्भारपण आणि घटस्फोटावरचे लेख गाळणाऱ्या मुख्याध्यापकाची बाजू उचलून धरली. हा दुसरा निकाल मला जास्त खटकतो, कारण वृत्तपत्र हाच तिथला अभ्यास होता. २०२१मध्ये मात्र शनिवार-रविवारी शाळेबाहेरून स्नॅपचॅटवर शाळेला शिवी हासडणाऱ्या मुलीच्या बाजूने आठ न्यायमूर्ती उभे राहिले.

हे लाड श्रीमंत देशालाच परवडतात, असं कुणी म्हणेल. त्यांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८६चा बिजो इमॅन्युएल निकाल पाहावा. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी अनादर केलेला नाही, असा चौकशी आयोगाचा अहवाल असूनही त्यांना काढून टाकलं गेलं. न्यायालयाने विचारलं, गाण्याची सक्ती करणारा कायदा कुठे आहे? शिक्षण खात्याकडे होती फक्त परिपत्रकं. मुलांना परत घ्यायचा आदेश निघाला.