आधी गळा, मग गिटार

पुण्याचा चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट करत पौडकडे निघालं की वाटेत कासार आंबोली लागतं. कारखान्यांच्या शेड, भातखाचरं आणि बंगल्यांच्या स्कीमचे बोर्ड असं सगळं तिथे एकमेकांना खेटून आहे. इथल्या एखाद्या कॉलेजातल्या पोराला ब्लूज गिटार शिकायची हुक्की आली, तर आज त्याला अडवणारं फारसं काही नाही. गिटार घरपोच येते, धडे मोबाइलवर फुकट असतात, आणि सर्टिफिकेट हवं असेल तर ट्रिनिटी किंवा रॉकस्कूलच्या ग्रेडही देता येतात. तरी बहुतेकांची गाडी एकाच जागी रुतते. पाचव्या फ्रेटवरचा पेंटाटोनिकचा, म्हणजे पाच सुरांचा ‘बॉक्स’ पाठ होतो, बोटं सरसर धावतात आणि ऐकणाऱ्याला ढिम्म काही होत नाही. माझ्या मते हे दुखणं बोटांचं नाहीच. ब्लूज हे मुळात गाणं आहे. गाणाऱ्याने श्वास घ्यायला थांबावं आणि तेवढ्यात गिटारने त्याला उत्तर द्यावं, अशी त्याची घडण आहे. जो गात नाही, तो उत्तर कशाला देणार?

डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने आत्मचरित्रात १९०३च्या सुमाराची एक आठवण दिली आहे. मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना त्याने एक फाटका माणूस पाहिला. तो गिटारच्या तारांवर सुरी दाबून सरकवत होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता आणि सुरीखालून निघणारा सूर त्याच्या गळ्यामागून येत होता. पुढे १९४१ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन त्याच मुलखात, स्टोव्हॉलच्या कापूस मळ्यावर गेले. तिथे त्यांनी ज्या मजुराचं गाणं मुद्रित केलं, तो पुढे ब्लूजमध्ये गाजलेला मडी वॉटर्स. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकला आणि आपणही गवई आहोत अशी त्याची खात्री पटली. दोन वर्षांत त्याने शिकागो गाठलं.

कष्टकऱ्यांच्या गाण्यामागे असं यंत्र घेऊन हिंडणं कासार आंबोलीच्या मुळशी तालुक्यालाही नवीन नाही. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली ती मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतूनच. पुढे बर्नार्ड बेल यांची साथ मिळाली, ध्वनिमुद्रणं झाली आणि संग्रह एक लाख ओव्यांच्या पुढे गेला. आज तो ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. जात्याचा खुंटा दोघींच्या हातात, एकीने ओळ उचलायची, दुसरीने धरायची, शब्द घोळवत पुन्हा म्हणायचे, आणि लय जात्याच्या फेऱ्याची. कापसाच्या शेतातली हाक आणि ही ओवी यांचं रक्ताचं नातं मुळीच नाही, उगाच जोडूही नये. पण हातातलं काम गाण्याला लय देतं, हे कासार आंबोलीच्या पोराला पुस्तकातून शिकावं लागत नाही. आजीला विचारलं तरी पुरे.

आता बोटांकडे येऊ. ‘ए’ला सा मानला तर तो बॉक्स म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे आपल्या धानी रागाचेच स्वर. म आणि प यांच्या मधोमध तीव्र म चाटून जातो, आणि शुद्ध गंधारही डोकावतो. दोन्ही गंधार म्हटल्यावर कुणाला जोग आठवेल, आणि कान तयार करायला ते बरंच आहे. मात्र ब्लूजचा खरा गंधार या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला पहिलं बोट ठेवा आणि तार जमिनीच्या दिशेने जराशी ओढा. किती? तर गळ्याने तो सूर लावून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

अशी तार ओढून सूर चढवणं म्हणजे ‘बेंड’. मोठ्या बेंडसाठी मात्र मोजमाप आहे. आधी दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट वाजवा. हा पंचम. तो गुणगुणत ठेवा. मग तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर, म्हणजे मध्यमावर, तिसरं बोट टेकवा, पहिली दोन बोटं त्याच्या मागे आधाराला लावा आणि तार वर ढकलत त्याच पंचमाला नेऊन भिडवा. ढकलायचं ते मनगटाने, दाराची मूठ फिरवावी तसं. सितारियाची मींड ऐकलेल्या कानाला इथे फार समजवावं लागत नाही. साधारणपणे सूर खालीच राहतो आणि शिकणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, कारण तो गुणगुणत नसतो.

बेंड जमला तरी खरी अडचण पुढेच आहे, ती बारा बारच्या चौकटीची. चार बार ए कॉर्ड, दोन डी, दोन ए, मग ई, डी, ए आणि शेवटी पुन्हा ई. प्रत्येक बारात चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. शफल नावाच्या लयीत प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे पडतात आणि मधला गप्प राहतो. आपल्या कानाला सम कळते, पण पायाखालचा कॉर्ड बदलला की तोच सूर वेगळा बोलायला लागतो, ही सवय आपल्याला नाही. तानपुरा कधी जागा सोडत नाही ना! म्हणून आधी महिनाभर फक्त कॉर्ड धरावेत आणि वर गावं. चार बारांच्या ओळीत साधारण दोन बार गाणं, दोन बार गिटारचं उत्तर. पहिली ओळ पुन्हा म्हणायची, तिसरीने प्रकरण मिटवायचं. ब्लूजचा गायक-गिटारवादक बी. बी. किंग सांगायचा की त्याला एकाच वेळी गाता-वाजवता येत नाही. तो गायचा, थांबायचा, मग गिटार बोलायची. त्याची ही ‘उणीव’ मला तरी अख्ख्या अभ्यासक्रमापेक्षा मोलाची वाटते.

थोडं वाद्याबद्दल. साध्या अकूस्टिक गिटारवर बहुतेक ०१२ जाडीच्या तारांचा संच असतो आणि त्यातली तिसरी तार गुंडाळलेली असते. तिच्यावर पूर्ण स्वराचा बेंड काढणं म्हणजे बोटं सोलून घेणं. इलेक्ट्रिकवर ००९ किंवा ०१०चा संच लावावा. अकूस्टिकच असेल तर करंगळीत धातूची किंवा काचेची नळी घालून स्लाइड शिकावी. हँडीला ती सुरी पाहून हवाईयन गिटार आठवली होती. हीच हवाईयन पद्धत आपल्याकडेही रुळली, आणि तिच्याच वाटेने आलेली मोहनवीणा घेऊन विश्वमोहन भट्ट अमेरिकन गिटारवादक राय कूडरसोबत बसले. त्यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. मुळशीच्या पावसाळ्यात तारा गंजतात, लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात आणि गिटार भिंतीला न टेकवता पेटीत ठेवावी.

ऐकायचं म्हणाल तर मुंबई लांब नाही. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज महोत्सव भरू लागला आणि पहिल्याच वर्षी ब्लूज गिटारवादक बडी गाय येऊन गेला. त्याच मंचावर शिलाँगचा ‘सोलमेट’ बँडही वाजला. ब्लूज आपल्याकडे परका राहिलेला नाही हे त्यांनी दाखवलं, तेही गाऊनच.

तेव्हा पौड रस्त्यावरून कोथरूडला क्लास लावायला निघालाच असाल, तर फी किती, ग्रेड कोणती, हे नंतर विचारा. पहिल्या दिवशी मास्तरांना म्हणा, ‘सर, आत्ता जे वाजवलंत ते गाऊन दाखवाल का?’ त्यांनी आढेवेढे घेतले तर खुशाल दुसरा क्लास शोधा.